उतारवयातला व्यायाम आणि फिजिओथेरपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी दवाखाना, दुपारनंतर फोंडा, डिचोली, सत्तरीतल्या घरी जाऊन रुग्ण पाहणं, असा माझा दिवस. फोनवर, दवाखान्यात आणि सोप्यावर चहा घेताना लोक तेच ते प्रश्न विचारतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. तुमच्या प्रश्नापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एकच गोष्ट दुसऱ्या प्रश्नातही येत असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. फिजिओथेरपी म्हणजे शेक, करंट आणि मालिश, एवढंच ना?

नाही. शेक, बर्फ, करंटची मशीन ही दुखणं थोडा वेळ कमी करायची साधनं आहेत. दुखणं निवलं की त्या अर्ध्याएक तासात सांधा हलवून घेता येतो, स्नायूंना काम देता येतं. फरक पडतो तो त्या कामाने. दहा दिवस नुसतं मशीन लावून पडून राहिलात, तर अकराव्या दिवशी गुडघा होता तिथेच असतो. पहिल्या भेटीत तुम्हाला चालायला, खुर्चीतून उठायला, हात वर करायला लावून पाहिलं नाही आणि घरी करायला एकही व्यायाम दिला नाही, तर फिजिओला सरळ विचारा. त्यात संकोच कसला?

२. डॉक्टरांची चिठ्ठी लागते का? सरकारी इस्पितळात सोय आहे का?

ऑपरेशन, फ्रॅक्चर, अर्धांगवायू किंवा हृदयाचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांचे कागद हवेतच, कारण काय टाळायचं ते त्यात असतं. नुसता अशक्तपणा किंवा जुनी गुडघेदुखी असेल तर थेट आलात तरी तपासणी होते. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) आणि म्हापसा, मडगावची जिल्हा इस्पितळं यांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. येताना एक्स-रे, चालू गोळ्या आणि रोज वापरता ती चप्पल घेऊन या. चप्पल झिजते कुठून ते पाहिलं की चालण्याबद्दल पुष्कळ कळतं.

३. आई ८१ वर्षांची आहे. या वयात ताकद वाढते का? उगाच तिला त्रास कशाला?

वाढते. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. याची उलट बाजूही तपासलेली आहे. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. ती माणसं आजारी नव्हती, नुसती झोपून होती. तापानंतर "आता पंधरा दिवस पूर्ण आराम" असं आपण प्रेमाने म्हणतो, तेव्हा या एका किलोची आठवण ठेवावी.

डिचोलीकडच्या एक आजी खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठू शकत नव्हत्या. खुर्चीवर दोन गोधड्या घडी करून ठेवल्या, बैठक उंच झाली आणि त्या उंचीवरून हात न टेकता पाच वेळा उठणं जमलं. तेवढंच रोज सकाळ-संध्याकाळ. तीन आठवड्यांनी एक गोधडी काढली. दुसरी निघायला आणखी महिना गेला. सूनबाईंनी फोन करून सांगितलं ते वेगळंच : "सासूबाई आज तुळशीपुढे दिवा लावायला आपल्या आपण पायऱ्या उतरल्या. एका हातात निरांजन, दुसरा हात खांबाला." व्यायाम कशासाठी, असं कोणी विचारलं की मी हेच सांगते.

४. रोज किती व्यायाम करावा? चालणं पुरेसं नाही का?

चालणं चांगलं, पण एकटं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांपुढच्यांसाठी सांगितलेलं माप असं : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. मध्यम जोर कसा ओळखायचा? चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. आकडा ऐकून घाबरू नका. पाच मिनिटांपासून सुरुवात केली तरी ती जमेस धरली जाते.

ताकदीसाठी खुर्चीतून ऊठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून दंड. तोलासाठी ओट्याजवळ उभं राहून एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यासमोर ठेवून दहा सेकंद थांबणं. हे नळाचं पाणी भरेपर्यंत होतं.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चालणाऱ्यांसाठी एक सूचना. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि घोटा, पोटरी भरून येते. पाण्याकडची ओली, घट्ट वाळू बरी, पण ती उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. खुबा किंवा कंबर दुखणाऱ्यांनी सरळ पदपथावर चालावं. आणि जून ते सप्टेंबर चालणं बंद पडतं म्हणून व्यायाम बंद नको. सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारा, चालेल.

५. मी दिवसभर घरात राबते, पोरसात (परसबागेत) काम करते. तोच व्यायाम नाही का?

हालचाल म्हणून नक्कीच आहे आणि ती सोडू नका. विहिरीचं पाणी ओढणाऱ्या बायांच्या हातांत जी ताकद असते ती मी रोज पाहते. फक्त घरकामात तेच ते स्नायू त्याच दिशेने वापरले जातात. आदळीवर बसून नारळ खोवताना, केर काढताना, तण उपटताना पाठ पुढे वाकलेली असते. पाठ मागे नेणारे, खांदे उघडणारे आणि तोल सांभाळणारे स्नायू तसेच राहून जातात. म्हणून काम आहे ते करा, आणि प्रश्न ४ मधला ताकदीचा व तोलाचा भाग वेगळा जोडा.

६. माझी ताकद कमी झाली आहे का, हे घरी कसं ओळखू?

साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर आडवे बांधा. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा होतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांचं १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांचं ११ पेक्षा कमी झालं, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. ८० ते ८४ वयात हेच आकडे १० आणि ९. हात टेकावाच लागला तर शून्य धरतात. शून्य आलं तरी निराश होऊ नका, प्रश्न ३ मधल्या आजींची सुरुवात शून्यापासूनच होती. चाचणीच्या वेळी शेजारी कोणीतरी उभं असू द्या.

७. पावसाळ्यात आजी दोनदा घसरली. घरात काय बदल करावेत?

आपल्याकडे वर्षाला तीनेक हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरायला आठवडा पुरतो. अंगणातून न्हाणीकडे, तुळशीकडे जाणारी वाट जूनच्या आधी आणि मध्येही घासून घ्या. पायरीला एका बाजूने तरी धरायला दांडी हवी. रात्री लघवीला जायच्या वाटेवर छोटा दिवा रात्रभर चालू ठेवा. दारातलं पायपुसणं सरकतं, ते काढा. कमोडजवळ भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेल टाकायची दांडी धरून उठू नका, ती माणसाचं वजन पेलत नाही. रबरी, झिजलेल्या सपाता फेकून द्या आणि मागे पट्टा असलेली चप्पल घ्या.

झोपेतून एकदम उठू नका. कडेला बसून पावलं वर-खाली हलवा, मग उभे राहा. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, तेव्हा गोळ्यांची यादी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. डोळे तपासा. हे सगळं करूनही पाय दुर्बळच राहिले तर उपयोग अर्धाच. तोल आणि ताकद यांच्या नियमित व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण पाव भागाने कमी होतं, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलेलं आहे.

८. पडल्यावर उठायचं कसं? आणि घरच्यांनी उचलायचं कसं?

आधी उठू नका. एक मिनिट तसेच राहा आणि कुठे दुखतंय ते पाहा. खुब्यात कळ आहे, एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, असं असेल तर हाड मोडल्याची शंका घ्या. उभं करू नका, तेल चोळू नका, ओळखीच्या गावठी हाडवैद्याकडेही नेऊ नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी इस्पितळात जाऊन दाखवा.

तसं काही नसेल तर कुशीवर वळा. कोपर आणि हाताच्या जोरावर रांगण्याच्या स्थितीत या. रांगत भक्कम खुर्चीपर्यंत किंवा खाटेपर्यंत जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा, ज्या पायात जास्त जोर आहे तो पुढे टाकून पाऊल जमिनीवर रोवा, आणि हात व पाय दोन्हींनी रेटून वर या. मग वळून बसा, लगेच चालू नका. घरच्यांनी काखेत हात घालून खेचू नये. त्याने खांदा निखळतो आणि उचलणाऱ्याची कंबरही जाते. त्यांनी खुर्ची जवळ आणावी आणि एकेक पायरी शांतपणे सांगावी.

हा सराव चटई टाकून, न पडता, महिन्यातून एकदा करावा. ज्याला जमिनीवरून उठता येतं त्याची पडण्याची भीती अर्धी होते, आणि भीती कमी झाली की माणूस परत चालू लागतो.

९. गुडघ्याची वाटी झिजलीय असं एक्स-रेत आलं. चाललं तर अजून झिजेल ना?

नाही. एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ दरवेळी बसत नाही. वाईट एक्स-रे असलेली माणसं जत्रेत फिरताना मी पाहते आणि बऱ्या एक्स-रेवाली घरात बसलेली. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात, दाब पडणं-सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं. मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा भार वाटला जातो. वजनही पाहा. एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत असलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ जागी आलं, तर चालू ठेवा. त्यापेक्षा वाढलं तर माप निम्मं करा, बंद नको. गुडघा गरम होऊन सुजला, लॉक झाला किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

१०. गुडघा बदलून दीड महिना झाला. चवथीला (गणेशचतुर्थीला) मांडी घालून बसता येईल का?

बहुतेक सर्जन नको म्हणतात. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो, मांडीला त्याहून जास्त वाकावं लागतं आणि पीळही बसतो. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या आराशीखाली) खुर्ची ठेवा आणि आरतीला घुमट वाजवायचं असेल तर खुर्चीत बसून वाजवा. देवाला ते चालतं.

दीड महिन्यात वाकण्यापेक्षा गुडघा पूर्ण सरळ होतो का हे मी आधी पाहते. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवायची सवय फार जणांना असते, तिने गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी हवीच तर टाचेखाली ठेवा. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर तो व्यायामाचा त्रास समजू नका, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

खुब्याचा सांधा बदलला असेल तर नियम वेगळे असतात. सर्जनने मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर सहसा दीड ते तीन महिने खुबा ९० अंशांपुढे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटका पाट किंवा खोल सोफा वापरायचा नाही. तुमचं ऑपरेशन कुठल्या बाजूने झालं हे विचारून घ्या.

११. काठी कुठल्या हातात धरायची?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकत्र पुढे. हात सैल सोडून उभं राहिलं की काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी. खालचा रबर गुळगुळीत झाला की बदला, पावसात तो फार महाग पडतो.

१२. पपांना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले. आता सुधारणा होणार नाही म्हणतात, खरं का?

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, हे खरं. पण आठ महिन्यांनी दार बंद होत नाही. वेग मंदावतो आणि पुढची प्रगती ठरावीक कामाच्या भरपूर सरावातून येते. "हाताचा व्यायाम" असं मोघम न ठेवता पेला उचलणं, बटण लावणं, दरवाजाची कडी काढणं, असं एक काम धरा आणि रोज पुष्कळ वेळा करा. अधू हात धरून त्यांना कधीही ओढू नका, त्या खांद्याला आधार नसतो. आणि घास आपण भरवायचा मोह आवरा. अर्धा तास लागला तरी त्यांना स्वतः जेवू द्या.

पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात गळून पडला तर घड्याळ पाहा आणि १०८ बोलवा. गुठळी विरघळवणारं औषध सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं.

१३. खांदा आखडलाय, केस विंचरता येत नाहीत. जोर लावून मोकळा करू का?

नको. पहिल्या, दुखऱ्या काळात जोर केला की दुखणं आणि आखडणं दोन्ही वाढतं. वाकून हात लोंबता सोडून हलके झोके द्यावेत, रात्री काखेत उशी धरावी. दुखणं ओसरून नुसता ताठरपणा उरला की ताण वाढवायचा. बरं व्हायला एक ते तीन वर्षंही लागतात. मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त होतं, म्हणून साखर तपासून घ्या.

१४. साखर, बीपी, हृदय, तिन्हीच्या गोळ्या चालू आहेत. व्यायाम चालेल?

चालेल आणि गरजेचाही आहे, पण काही पथ्यं पाळा. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी असेल आणि व्यायामाआधी साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खा. बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना कळवा. जोर लावताना श्वास कोंडू नका, उठताना मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप सुटतो. हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, तेव्हा घड्याळातला नाडीचा आकडा सोडा आणि प्रश्न ४ मधली बोलण्याची खूण वापरा. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नको. छातीत दाटलं, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, दरदरून घाम फुटला तर थांबा आणि १०८.

१५. हाडं ठिसूळ झालीत. योगासनं केलेली चालतील का?

सगळी नाहीत. पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं पूर्ण पुढे वाकणं, जोराचा पीळ, हे टाळा. कमजोर मणका पुढे वाकताना चेपला जातो. उभ्याची आसनं, पाठ सरळ ठेवून केलेली आसनं, श्वसन हे चालतं. खालची वस्तू उचलताना कंबरेतून न वाकता खुब्यातून आणि गुडघ्यांतून वाका.

१६. कूस बदलली की घर गरगर फिरतं. मानेचा व्यायाम करू?

आधी तपासणी. कूस बदलताना काही सेकंद फिरून थांबत असेल तर बहुधा कानातले बारीक कण जागा सोडून सरकलेले असतात, मानेचा दोष नसतो. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत बसवता येतात आणि पुष्कळांना एक-दोन भेटींतच आराम पडतो. चक्करेबरोबर बोलणं जड झालं, दोन-दोन दिसू लागलं किंवा चालताना झोक गेला तर प्रश्न १२ मधला शेवटचा परिच्छेद वाचा आणि लगेच निघा.

१७. खोकलं-शिंकलं की थेंब जातात. कोणाला सांगायची लाज वाटते.

सांगा. हा प्रश्न बाया दार लावून, आवाज खाली आणून विचारतात, आणि बरं होणाऱ्या तक्रारींपैकी ही एक आहे. लघवी आणि वारा रोखून धरतो ते ओटीपोटाखालचे स्नायू आत-वर आवळायचे, काही सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. असं किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या सैल ठेवा, श्वास चालू ठेवा. लघवी चालू असताना थांबवून सराव करू नका. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही हेच शिकवतात.

१८. व्यायामाबरोबर खायचं काय?

सकाळी पेज-लोणचं, दुपारी भात-कढी, रात्री परत पेज, यात स्नायूंसाठी फारसं काही नसतं. या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे २०, एका अंड्यात ६ ग्रॅम. सोमवार, श्रावण पाळणाऱ्यांनी त्या दिवशी मूग, चणे, आळसांदे (चवळी), दूध-दही यांचं माप वाढवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

१९. पपा ऐकतच नाहीत. "आता काय करायचंय" म्हणतात.

व्यायाम हा शब्दच काढू नका. त्यांना काय करायचं आहे ते विचारा. एका आजोबांना फेरीबोटीने दिवाडी बेटावर बहिणीकडे जायचं होतं. आम्ही उतरतीवर चालणं, हलत्या जागी उभं राहणं आणि दांडी धरून थांबणं यांचाच सराव केला. त्यांनी तो कधी चुकवला नाही. मन उदास असणं, भूक नसणं, झोप उडणं असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर तो हट्ट नसून आजार असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

२०. आजी पूर्ण अंथरुणाला खिळलीय. आता फिजिओ बोलवून काय उपयोग?

उपयोग आहे. सांधे आखडू न देणं, छातीत कफ साठू न देणं, पाठीला जखमा होऊ न देणं, ही सगळी कामं आहेत. दर दोन तासांनी कूस बदला. पोटऱ्यांखाली मऊ उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा, कारण जखम तिथे लवकर होते. दुखणं नसेल त्या मर्यादेत दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा हळू हलवा. शक्य असेल तर दोघांनी मिळून जेवणाच्या वेळी खाटेच्या कडेला बसवा, पाय जमिनीला टेकलेले, पाठीमागे एक माणूस. दहा मिनिटं का होईना. बसून गिळणं सोपं जातं, ठसका कमी लागतो, आणि खिडकीतून अंगणात कोण आलं तेही तिला दिसतं.